एक महिना आधीची खीर

खाट क्रमांक अकरा, पहिला मजला,
वाराणसी.
पौष वद्य अष्टमी
(तुमच्या जबलपूरच्या कॅलेंडरात माघ कृष्ण अष्टमी. वाद नको.)

चि. बिंदुमाधव यास,

दूधविनायक मोहल्ल्यातल्या ढुंढिराजाचे अनेक आशीर्वाद. (पत्र फाडायचं असेल तर आशीर्वादाच्या ओळीखालून फाड, त्यात तुझ्या ताईच्या वाट्याचेही आहेत.) सौ. सुरेखाचे गुडघे कसे आहेत? तुझं बीपी? रेल्वेतून निवृत्त झाल्यावरही तू रोज पहाटे स्टेशनावर जाऊन गाड्या वेळेवर सुटतात की नाही हे पाहून येतोस, असं मागे कळलं होतं. ते अजून चालू असेल तर मफलर बांधून जात जा. यंदा थंडी फार आहे. इकडे मी क्षेम आहे. क्षेम म्हणजे उजव्या मांडीच्या हाडात एक पट्टी आणि चार स्क्रू बसवलेले आहेत आणि दोन आठवडे दवाखान्यात आडवा आहे, पण ते सोडलं तर सर्व ठीक. भूक लागते. झोप लागते. राग पूर्वीइतकाच येतो.

दोन वर्षं तुझं-माझं बोलणं नाही. कारण तुला पाठ आहे, तरी माझ्या बाजूने एकदा सांगतो, कारण आजवर ते मी फक्त भिंतीला सांगितलं आहे. तुझी ताई, माझी शरदिनी, गेली ती माघ वद्य षष्ठीला. आता आपला मराठी महिना संपतो अमावास्येला आणि या उत्तरेकडच्या लोकांचा पौर्णिमेला. त्यामुळे शुद्ध पक्षात सगळे गुण्यागोविंदाने एकाच महिन्यात नांदतात, आणि वद्य लागला रे लागला की हे लोक पुढच्या महिन्याचं नाव लावून मोकळे होतात. आपला पौष वद्य तो यांचा माघ. पाठशाळेत चाळीस वर्षं मी ज्योतिष शिकवलं, त्यातली निम्मी या एका गोष्टीवर डोकं फोडण्यात गेली. तुझी हयात जबलपुरात गेलेली, घरात भिंतीवर हिंदी कॅलेंडर. त्यात तू माघ कृष्ण षष्ठी पाहिलीस आणि बहिणीच्या वर्षश्राद्धासाठी रात्रभर गाडीत बसून, सुरेखाने माझ्यासाठी केलेल्या डिंकाच्या लाडवांचा डबा मांडीवर धरून, बरोबर एक महिना आधी माझ्या दारात येऊन उभा राहिलास.

आणि मी काय केलं? ये, बस, चहा घे म्हणायचं सोडून दारातच तुला अमान्त आणि पूर्णिमान्त महिन्यांतला फरक समजावून दिला. तेवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण समोरच्या घरातले दोघं-तिघं बाहेर आले होते, आणि श्रोते दिसले की माझ्यातला मास्तर आवरत नाही. बघा, सख्ख्या बहिणीची तिथी माहीत नाही, असं मी त्यांना हिंदीत सांगितलं. (हसतही होतो. हे लिहायचं नव्हतं, पण तूच समोर होतास, लपवून काय उपयोग?) तू डबा उंबऱ्यावर ठेवलास आणि आल्या पावली परत गेलास. गणित माझं बरोबर होतं. पुढच्या महिन्यात खऱ्या तिथीला श्राद्ध झालं तेव्हा घरचं म्हणून कोणी नव्हतं. मूलबाळ आम्हाला नाही, आणि शरदिनीच्या माहेरचा उरलेला एकुलता एक माणूस मी दारातून परत पाठवलेला. त्यानंतर मी तुला अकरा फोन केले, तू उचलले नाहीस. बारावा करायला माझा ताठा आडवा आला. म्हणून हे पत्र.

आता पडलो कसा ते. काशीत म्हातारा माणूस पडला की तो घाटावरच पडला असं लोक धरून चालतात. पण संकठा घाटाच्या शेवाळलेल्या पायऱ्या मी पन्नास वर्षं रोज पहाटे उतरलो आणि कधी तोल गेला नाही. पडलो स्वतःच्या स्वयंपाकघरात, तेही एका वानराशी भांडताना. दार उघडं राहिलं होतं (ते लावून घेणारं माणूस गेल्यापासून ते उघडंच राहतं), वानराने ओट्यावरची दुधाची पिशवी उचलली, मी लाटणं घेऊन मागे धावलो, पिशवी फुटली, दूध फरशीवर आणि दुधावरून मी. मग ओरडलो. शेजाऱ्यांनी ते ऐकलंही. पण रोज सकाळी मी वानरांवर ओरडतोच, त्यामुळे सगळ्यांनी ऐकून सोडून दिलं. आज शास्त्रीजी जरा ज्यादा नाराज दिसतात, असं खालचा पानवाला म्हणाला म्हणे. तीन तास मी तसाच होतो. शेवटी पूजेची फुलं देणारी बाई आली. तोवर माझा आवाज बसला होता, आणि फुलं उशिरा आणूनही मी खेकसलो नाही म्हणूनच तिला शंका आली आणि ती आत डोकावली. यावरून माझ्या स्वभावाविषयी जे काही म्हणायचं असेल ते तू म्हण, मी ऐकून घेईन.

इथे मला सांभाळणारी दोन माणसं आहेत, त्यांची ओळख करून देतो. एक सिस्टर मुक्ता. पस्तिशीची आहे, रामनगरला राहते, रोज स्कूटीवरून पूल ओलांडून सकाळच्या पाळीला येते. दुसरा ब्रदर कुणाल, म्हणजे पुरुष नर्स. चाळिशीचा, भरघोस मिशांचा, तरुणपणी अखाड्यात कुस्ती खेळलेला. पहिल्या दिवशी तो माझं अंग पुसायला आला तेव्हा मी चादर दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली. पैलवानाशी चादरीसाठी झोंबी घेतल्यावर निकाल काय लागायचा तो लागला. पण खरं सांगतो, त्याने मला ज्या हलक्या हाताने कुशीवर वळवलं, तसं आईनंतर कोणी वळवलं नसेल. जानवं भिजू नये म्हणून त्याने ते आपणहून माझ्या कानाला अडकवलं, आणि मला संकोच वाटू नये म्हणून सगळा वेळ खिडकीकडे तोंड करून गावच्या कुस्तीच्या दंगलीच्या गोष्टी सांगत राहिला. (त्यात तो एकदाही हरला नाही. मी विश्वास ठेवला आहे असं दाखवतो.)

मुक्ताचं वेगळंच. सकाळच्या संध्येला पळी-पंचपात्र नाही म्हणून मी अडून बसलो, तर तिने औषध मोजायचं प्लास्टिकचं कोरं माप आणून दिलं. हल्ली माझं आचमन पाच मिलिलिटरच्या खुणेपर्यंत होतं. राहुकाळात सुई टोचून घेणार नाही म्हटलं, तर म्हणाली, ‘राहु का भी नंबर आएगा बाबूजी, पहले आप।’ आणि टोचली. पायात मोजे तिने घातले, नखं तिने कापली, चष्म्याची मोडकी काडी घरी नेऊन नवऱ्याकडून बसवून आणली. यातलं काही तिच्या कामाच्या यादीत आहे का म्हणून मी मुद्दाम दुसऱ्या सिस्टरकडे चौकशी केली. नाही.

आता तुला एक गोष्ट सांगतो, ती ऐकून हसू नकोस; हसलास तर निदान मला कळवू नकोस. इथे भेटीची वेळ चार ते सहा. चार वाजले की वॉर्डाची जत्रा होते. माझ्या शेजारी दहा नंबरच्या खाटेवर एक आजोबा आहेत, त्यांना भेटायला रोज दहा-अकरा माणसं येतात आणि जागा पुरत नाही म्हणून त्यातली दोन माझ्या खाटेवर बसतात. डबे उघडतात, फुलगोभीच्या भाजीचा वास सुटतो, आणि मग कोणीतरी मला हमखास विचारतं, आपके यहाँ से कोई नहीं आया? पहिल्या दिवशी मी झोपेचं सोंग घेतलं. दुसऱ्या दिवशी तोंडातून निघून गेलं, की आमचे मेहुणे जबलपूरहून निघालेत, पण धुक्यामुळे, म्हणजे इकडच्या कोहऱ्यामुळे, गाडी लेट आहे. तिसऱ्या दिवशीही गाडी लेट. पाचव्या दिवशी आजोबांच्या नातवाने मोबाईल काढला आणि गाडीचा नंबर विचारला. मी दुखतंय म्हणून कण्हायला लागलो. सहाव्या दिवशी ती सगळी मंडळी रेल्वेला शिव्या देत होती. तू चाळीस वर्षं ज्या रेल्वेची इमाने इतबारे नोकरी केलीस, तिची अब्रू मी एका आठवड्यात धुळीला मिळवली. त्याबद्दल क्षमा मागतो.

सातव्या दिवशी चार वाजता एक बाई पिवळा सलवार-कुर्ता घालून, हातात चार केळी घेऊन माझ्या खाटेशी आली आणि स्टूल ओढून बसली. मला वाटलं दहा नंबरची. मी तिला म्हटलं, बेटी, तुम्हारे बाबा उधर हैं. तर ती हसायला लागली आणि मग मी ओळखलं. मुक्ताच होती. ड्युटी दोन वाजता संपलेली, तरी घरी न जाता तिने नर्सेसच्या खोलीत कपडे बदलले, खाली जाऊन रांगेत उभं राहून भेटीचा पास घेतला आणि मला ‘भेटायला’ आली. गणवेशात आली असती तर ते काम झालं असतं, असं तिचं म्हणणं. दोन तास बसली. सासूच्या तक्रारी सांगितल्या, रामनगरच्या बाजारात वांगी कशी सडकी मिळतात ते सांगितलं, स्वतःची पत्रिका-बित्रिका काही विचारली नाही. पुढच्या दिवशी कुणाल आला, इस्त्रीचा शर्ट घालून. तेव्हापासून दोघांनी आळीपाळीचे वार लावून घेतले आहेत. दहा नंबरवाल्यांना वाटतं माझी गाडी एकदाची पोचली. मी मात्र रोज साडेतीनपासून दाराकडे मान वळवून बसतो, की आज येतील ना? चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला हे शोभत नाही, पण आहे हे असं आहे.

तर परवाची गोष्ट. मी मुक्ताला कधीतरी बोलून गेलो होतो की माघ वद्य षष्ठीला मला घरी असायलाच हवं, बायकोचं श्राद्ध आहे. तिने बिचारीने वॉर्डातलं कॅलेंडर पाहिलं. परवा तिची साप्ताहिक सुट्टी. सकाळी साडेसात वाजता, समोरचं माणूस दिसत नाही असल्या कोहऱ्यात ती स्कूटीवरून आली. डब्यात खीर आणि पुऱ्या, पुडीत काळे तीळ, दर्भ, आणि बाटलीत गंगेचं पाणी. (रामनगरच्या काठाचं. आम्ही काशीवाले त्या काठाला नाकं मुरडतो, पण नदी एकच आहे.) कुणालला तिने आधीच सांगून ठेवलं होतं. त्याने खाटेच्या चाकांची कळ सोडली आणि मला खाटेसकट दक्षिणेकडे तोंड करून दिलं. त्यात दहा नंबरच्या आजोबांचं सलाइन मध्ये आलं, ते त्यांच्या सुनेने हातात उंच धरून ठेवलं. पाठीशी उशा, पुढ्यात स्टीलचं तबक. मुक्ता डबा दोन्ही हातांनी धरून उभी, ओढणी दवाने ओली. म्हणाली, ‘अम्मा की तिथि है न आज? सब ठीक लाए हैं न बाबूजी?’

बिंदू, मी तोंड उघडलं होतं. ‘अमान्त’ हा शब्द जिभेच्या टोकावर आला होता. समोर श्रोतेही होते, दहा नंबरचा अख्खा परिवार. आणि तेवढ्यात मला तू दिसलास. माझ्या दारात, रात्रभराच्या प्रवासाने डोळे लाल झालेला, मांडीवरून उतरवलेला डबा असाच दोन्ही हातांनी धरलेला. तो डबा मी तुझ्या हातातून घेतलासुद्धा नव्हता. मला इतकी लाज वाटली की काय सांगू. मी मुक्ताला म्हटलं, सब ठीक है बेटी, आज ही है.

आणि तर्पण केलं. संकल्पात महिन्याचं नाव घ्यावं लागतं, तिथे मी ‘माघ’ म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा जाणूनबुजून चुकीचा महिना उच्चारला, आणि काही कोसळलं नाही. तुझ्या ताईला मी कधी काही वेळेवर दिलं नाही. दिवाळीची साडी संक्रांतीला, दवाखान्यात न्यायचं ते आज-उद्या करत. या एका वेळी तरी महिनाभर आधी पोचलो, असं मनाशी म्हटलं आणि मग मात्र धीर सुटला. सगळ्यांसमोर रडलो. कुणालने झटकन खाटेचा पडदा ओढला आणि बाहेर उभा राहून जो येईल त्याला ‘ड्रेसिंग चल रही है’ म्हणून परतवत राहिला. नंतर पुरी घेऊन तो कावळा शोधायला गच्चीवर गेला. कोहऱ्यात कावळा कुठला दिसायला! अर्ध्या तासाने आला तो पुरी तशीच हातात, मग पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला म्हणाला, खाल्ली. कावळ्यानेच खाल्ली का हे मी विचारलं नाही. खीर आम्ही सगळ्यांनी खाल्ली, दहा नंबरसकट. डॉक्टर फेरीवर आले आणि माझ्या साखरेचा आकडा पाहून तिघांनाही बोलले. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. मला बोलणारं कोणी असण्याची सवयच मोडली होती.

असो. पाल्हाळ फार झालं. सांगायचं एवढंच, की माझी इथे उत्तम व्यवस्था आहे. वॉकर धरून दारापर्यंत चालतो. घरी जायला हरकत नाही असं डॉक्टर चार दिवसांपूर्वीच म्हणाले. फक्त सहा आठवडे घरात सोबतीला कोण राहणार त्याचं नाव एका फॉर्मवर लिहून द्यावं लागतं, ते माझं मी पाहीन. तू काळजी करू नकोस आणि येण्याचीही मुळीच तसदी घेऊ नकोस. एवढ्या थंडीत या वयात प्रवास बरा नव्हे. सौ. सुरेखाला आशीर्वाद. उत्तर लिहावंसं वाटलं तर लिही, न वाटलं तर कोरा कागद पाकिटात घालून पाठव, तेवढंही पुरे.

तुझा (तुझी हरकत नसेल तर अजूनही) जिजाजी,
ढुंढिराज

ता. क. – येण्याची तसदी घेऊ नकोस असं वर लिहिलं आहे. तरी माहितीसाठी: घराची किल्ली फुलवालीकडे आहे, वरच्या खोलीत सकाळी ऊन येतं, आणि सुरेखाच्या गुडघ्यांसाठी खालची खोलीही रिकामी आहे. सगळंच रिकामं आहे.

ता. क. २ – तो फॉर्म मी भरून टाकला आहे. सोबतीच्या माणसाच्या रकान्यात तुझं नाव आणि तुझा नंबर लिहिला आहे. न विचारता लिहिला, हे मान्य. हे पत्र तुला पोचेपर्यंत थांबून मुक्ता फोन करील. तिचा फोन तरी उचल. मी नाही, ती बोलणार आहे. आणि ती चुकून म्हणाली की तुम्ही दोन आठवड्यांपासून गाडीत आहात, तर तिला खोटं पाडू नकोस. ते तिला मीच सांगितलं आहे.

ता. क. ३ – हे लिहू की नको करत होतो. काल मुक्ताने विचारलं, अम्मा को क्या पसंद था? खरी तिथी पुढच्या महिन्यात आहे हे मी तिला शेवटी सांगितलं, (दुसऱ्या कोणासमोर नाही, आणि हसलो नाही), तेव्हा म्हणाली, मग त्या दिवशी मी तेच करून आणीन. मी पटकन म्हटलं, कढी आणि अळूवड्या. सांगून झालं आणि लक्षात आलं, की ते मला आवडतं. शेहेचाळीस वर्षं ती मला वाढून मग मागाहून जेवायला बसायची, तोवर मी ओसरीवर पंचांग घेऊन बसलेला असायचो. ती काय चवीने खायची हे मी कधी पाहिलंच नाही. तिच्या दोन्ही श्राद्धांना ब्राह्मणांना जेवू घातलं तेही माझ्याच आवडीचं. रात्रंदिवस आठवून पाहतो आहे, काही आठवत नाही. तू तिच्या पंगतीला बसून मोठा झालास. बिंदू, तुझ्या ताईला काय आवडायचं रे?